झाडाखाली, पुलावर, शुक्रवारपर्यंत: इंग्रजी प्रिपोझिशनल फ्रेज मराठीतून कशी पकडायची

वहीचं कोरं पान घ्या आणि एकाखाली एक एवढं लिहा: झाडाखाली, पुलावर, त्याच्याबरोबर, देवळामागे, बसनं, शुक्रवारपर्यंत. आता शेजारी इंग्रजी: अंडर द ट्री, ऑन द ब्रिज, विथ हिम, बिहाइंड द टेंपल, बाय बस. शेवटची जागा मोकळी सोडा, त्याचं दुखणं वेगळं आहे. पुढे येईल.

दोन्ही रांगांवर पेन्सिल फिरवली की पहिली गोष्ट दिसते ती जागेची. आपला 'खाली' नामाच्या शेपटाला चिकटतो, त्यांचा 'अंडर' नामाच्या आधी येतो. हे सगळ्यांना माहीत असतं. दुसरी गोष्ट मात्र फार कमी जण बघतात. 'झाड'चं 'झाडा' झालं, 'पूल'चं 'पुला', 'तो'चं 'त्याच्या'. शाळेत याला सामान्यरूप म्हणत. प्रत्यय किंवा शब्दयोगी अव्यय लागलं की मराठी नाम आपलं मूळ रूप सोडतं, 'झाडखाली' असं कोणी म्हणत नाही. इंग्रजी नामं हे करत नाहीत, ट्री तो ट्रीच राहतो. पण सर्वनामं करतात. ही असेल तर हिम, शी असेल तर हर, दे असेल तर देम. म्हणून 'बिटवीन यू ॲण्ड ही' चूक आणि 'बिटवीन यू ॲण्ड हिम' बरोबर. 'तो आणि तूमध्ये' हे कानाला जितकं खुपतं, तितकंच ते तिकडच्या कानाला खुपतं.

तर प्रिपोझिशनल फ्रेज म्हणजे एवढंच: पुढे एक प्रिपोझिशन (अंडर, ऑन, विथ असा शब्द), शेवटी एक नाम किंवा सर्वनाम, आणि मध्ये त्या नामाची विशेषणं वगैरे काय असेल ते. नाशिकच्या सिडकोत मी इंग्रजीचे वर्ग घेते. दुपारी दहावीची मुलं, संध्याकाळी अंबडच्या कारखान्यांतून सुटून येणारी मंडळी. दोन्ही वर्गांत पहिल्या दिवशी मी एकच गोष्ट सांगते: इन, ऑन, ॲट यांची यादी पाठ करू नका, अख्खी फ्रेज उचला. मेथी आपण जुडीनं घेतो, काडी काडी निवडून नाही. सुट्या 'ॲट'ला तसा फारसा अर्थच नसतो, तो 'ॲट नाइट', 'ॲट द सिग्नल', 'ॲट फर्स्ट' मध्ये येतो.

फ्रेज कुठे संपते?

प्रिपोझिशन दिसलं की त्याला मराठीत प्रश्न विचारा. बिहाइंड? कशामागे? उत्तराचं नाम येईपर्यंत थांबायचं नाही. 'बिहाइंड द ओल्ड ब्लॅक स्टोन टेंपल': ओल्ड म्हणजे जुन्या, ब्लॅक म्हणजे काळ्या, स्टोन म्हणजे दगडी, अजून काय ते कळलं नाही. टेंपल आलं, प्रश्न मिटला, फ्रेज संपली. तिथे कंस बंद करा. पेन्सिलीनं कंस करायची सवय लावा, निदान पहिला महिनाभर.

उत्तरात कधी कधी नामाऐवजी क्रिया येते. 'मिसळ खाल्ल्यावर' म्हणजे 'आफ्टर ईटिंग मिसळ'. प्रिपोझिशनमागे क्रियापद आलं तर ते आयएनजी लावूनच येतं: विदाउट आस्किंग, बिफोर लीव्हिंग, फॉर हेल्पिंग. 'आय लुक फॉरवर्ड टू मीट यू' ही आपल्याकडच्या नोकरीच्या अर्जांतली ठरलेली चूक याच नियमात बसते. तिथला 'टू' प्रिपोझिशन आहे, म्हणून 'टू मीटिंग यू'. मग 'आय वॉन्ट टू मीट यू' मधला 'टू' कोणता? तो क्रियापदाचा, प्रिपोझिशनच नव्हे. ओळखायचं कसं, तर 'टू'नंतर एखादं नाम ठेवून बघा. 'आय लुक फॉरवर्ड टू द हॉलिडेज' चालतं, 'आय वॉन्ट टू द हॉलिडेज' चालत नाही. जिथे नाम बसतं तिथे आयएनजी.

आणखी दोन तोतये आहेत. 'आफ्टर द बस लेफ्ट' ही फ्रेज नाही, कारण त्यात 'लेफ्ट' हे कर्त्यासकट क्रियापद आलं, ते पूर्ण उपवाक्य झालं. 'आफ्टर द मीटिंग' ही फ्रेज. दुसरा तोतया जरा गमतीचा. 'ही रॅन अप द स्टेप्स' म्हणजे तो पांडवलेण्याच्या पायऱ्या धावत चढला. 'ही रॅन अप अ बिल' म्हणजे त्यानं हॉटेलात बिल चढवलं. पहिल्यात 'अप द स्टेप्स' ही फ्रेज आहे. दुसऱ्यात 'अप' बिलाचा नाहीच, तो 'रॅन'चा शेपूट आहे, आणि म्हणून त्याला उचलून शेवटी नेता येतं: 'ही रॅन अ बिल अप'. पायऱ्यांच्या वाक्यात तसं करून बघा, वाक्य कोसळतं.

'चा' लागतो का?

माझ्या मते या विषयातला सगळ्यात कामाचा भाग हा आहे, आणि इंग्रजीत छापलेली व्याकरणं तो आपल्याला सांगू शकत नाहीत, कारण युक्ती मराठीतली आहे.

फ्रेज वाक्यात मुख्यतः दोन कामं करते. एक तर नामाबद्दल सांगते, म्हणजे विशेषणाचं काम. नाहीतर क्रियेबद्दल सांगते, कुठे, कधी, कसं, म्हणजे क्रियाविशेषणाचं काम. इंग्रजीत दोन्हीकडे शब्द तेच राहतात, त्यामुळे मुलं गडबडतात. ही दोन वाक्यं बघा:

'द शॉप नियर रविवार कारंजा सेल्स चिवडा.'
'वुई मेट नियर रविवार कारंजा.'

'नियर रविवार कारंजा' दोन्हीकडे अक्षर न अक्षर सारखं. आता मराठी करा. 'रविवार कारंजाजवळचं दुकान चिवडा विकतं.' 'आम्ही रविवार कारंजाजवळ भेटलो.' पहिल्यात 'चं' लागलं, दुसऱ्यात लागलं नाही. झालं. चा, ची, चं, चे, किंवा मधला, मधली असं काही लागलं की ती फ्रेज नामाची. काहीच न लागता 'जवळ', 'वर', 'खाली', 'बरोबर' तसंच राहिलं की क्रियेची. पुलावरचा माणूस, पुलावर थांबला. धरणातलं पाणी, धरणात साचलं. हा फरक आपण बोलताना न चुकता करतो, मग परीक्षेत डोकं खाजवायचं कशाला?

'ऑफ'ची फ्रेज जवळजवळ नेहमी नामाची असते, कारण तो मुळातच 'चा' आहे. 'विथ' नामाला लागला की मराठीत 'वाला' किंवा 'असलेला' येतो: द गर्ल विथ द रेड बॅग, लाल पिशवीवाली मुलगी. क्रियेला लागला तर 'बरोबर' किंवा 'नं'.

या चाचणीचा खरा फायदा परीक्षेबाहेर आहे. हे वाक्य घ्या: 'द पोलिस चेज्ड द बॉय ऑन द स्कूटर.' स्कूटरवर कोण? इंग्रजी मख्खपणे गप्प बसतं. मराठी मात्र तुम्हाला बोलतं करते. 'पोलिसांनी स्कूटरवरून पोराचा पाठलाग केला' किंवा 'पोलिसांनी स्कूटरवरच्या पोराचा पाठलाग केला'. तिसरी सोय नाही. म्हणून इंग्रजी लिहून झालं की प्रत्येक फ्रेजचं मनात मराठी करा. दोन मराठी रूपं निघाली तर वाक्य मोडून पुन्हा लिहा: 'द पोलिस चेज्ड द बॉय, हू वॉज ऑन अ स्कूटर.'

नामाची फ्रेज त्या नामाला खेटूनच हवी, हा त्यातून निघणारा नियम. 'डॉक्टर फॉर चिल्ड्रन विथ ट्वेंटी इयर्स ऑफ एक्सपिरियन्स' अशी पाटी लिहिली तर वीस वर्षांचा अनुभव मुलांच्या नावावर जमा होतो. 'चिल्ड्रन्स डॉक्टर विथ ट्वेंटी इयर्स ऑफ एक्सपिरियन्स' लिहिलं की तो डॉक्टरकडे परत येतो.

दुसरा फायदा क्रियापदाचा. 'द क्वालिटी ऑफ द ग्रेप्स फ्रॉम पिंपळगाव' एवढं लिहून हात थांबतो. पुढे इज की आर? द्राक्षं बरीच आहेत, शिवाय 'ग्रेप्स' क्रियापदाच्या जास्त जवळ आहे, म्हणून हात 'आर'कडे जातो. कंस करा. ऑफ द ग्रेप्स कंसात, फ्रॉम पिंपळगाव कंसात. बाहेर उरली क्वालिटी. क्वालिटी इज. तसंच 'वन ऑफ माय फ्रेंड्स लिव्ह्ज इन देवळाली', लिव्ह नाही, कारण राहतो तो एकच. याला अपवाद आहे तो माहीत असू द्या: सम, मोस्ट, हाफ, अ लॉट अशा शब्दांनंतर क्रियापद कंसाच्या आतल्या नामाकडे बघतं. मोस्ट ऑफ द ग्रेप्स आर, मोस्ट ऑफ द वाइन इज. वायनरीत काम करणाऱ्या मुलांना हे वाक्य दोनदा सांगावं लागत नाही.

नाशिक फिरत फिरत

जागेचे इन, ऑन, ॲट पुस्तकातल्या घनाच्या चित्रावरून शिकवतात, चेंडू खोक्यात, चेंडू खोक्यावर. ठीक आहे, पण खोक्यात कोण राहतं? आपल्या रोजच्या रस्त्यानं जाऊ.

'आय लिव्ह इन सिडको.' चारही बाजूंनी वेढणारा परिसर, म्हणून इन. शहर, तालुका, देश, खोली, पेटी, सगळ्यांना इन. 'आवर क्लास इज ऑन द मेन रोड.' रस्ता, नदी, किनारा, सीमा ही रेघ आहे, रेघेला ऑन. ब्रिटिश माणूस 'इन धिस स्ट्रीट' म्हणेल, अमेरिकन 'ऑन धिस स्ट्रीट', आपण ऑन धरून चालू. घराचा नंबर सांगितला की मात्र ॲट: 'ॲट ट्वेल्व्ह, गंगापूर रोड'. 'मीट मी ॲट सीबीएस.' सीबीएस म्हणजे मध्यवर्ती बसस्थानक, नकाशावरचा ठिपका, भेटायची जागा, म्हणून ॲट. सीबीएस केवढं मोठं आहे याला महत्त्व नाही. बोलणारा त्याला ठिपका मानतो की वेढणारा परिसर, याला आहे. म्हणूनच 'आय वर्क इन नाशिक' पण 'द ट्रेन स्टॉप्स ॲट नाशिक रोड'. गाडीच्या दृष्टीनं नाशिक रोड हा रुळावरचा एक ठिपका.

आपण म्हणतो 'स्टेशनवर भेट', 'बसमध्ये बसलो'. त्या 'वर'चा ऑन आणि 'मध्ये'चा इन केला की दोन्हीकडे फसलात. ॲट द स्टेशन. ऑन द बस. सिटीलिंकच्या बसमध्ये असाल तरी 'आय ॲम ऑन द बस' आणि मनमाडहून मुंबईला जाणाऱ्या पंचवटी एक्स्प्रेसमध्ये असाल तरी 'ऑन द पंचवटी'. मोटार आणि रिक्षा यांना मात्र 'इन'. ढोबळ नियम असा की ज्या वाहनात उभं राहून चार पावलं चालता येतं त्याला ऑन, ज्यात वाकून शिरून बसावं लागतं त्याला इन. सायकल-स्कूटरवर टांग टाकून बसतो, तिथे ऑन आपल्या मराठीशी आपसूक जुळतो.

नदीबद्दल: 'नाशिक इज ऑन द गोदावरी' म्हणजे गोदावरीकाठी वसलेलं आहे. यात 'इन' घातलात तर अख्खं शहर बुडालं.

दिशांचीही एक गोम आहे. 'सातपूर इज इन द वेस्ट ऑफ नाशिक', कारण सातपूर शहराच्याच पश्चिम भागात आहे. 'त्र्यंबकेश्वर इज टू द वेस्ट ऑफ नाशिक', कारण ते शहराबाहेर, तिकडे साधारण ३० किलोमीटरवर. मराठीत दोन्हीला 'पश्चिमेला' म्हणून भागतं, इंग्रजीत आत की बाहेर ते सांगावं लागतं.

आणि 'होम'पुढे काही नको. 'गो टू होम' नाही, 'गो होम'. हिअर, देअर, अपस्टेअर्स यांनाही 'टू' लागत नाही.

वेळ

घड्याळाला ॲट, वार-तारखेला ऑन, महिना-वर्षाला इन. हे तुम्हाला येतं. दादासाहेब फाळके यांचा जन्म 'इन १८७०' आणि 'ऑन ३० एप्रिल १८७०'. नुसतं वर्ष असेल तर इन, तारीख आली की ऑन. काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला तो 'ऑन २ मार्च १९३०', नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयाची स्थापना 'इन १८४०'. इन द मॉर्निंग पण ॲट नाइट, याला कारण शोधत बसू नका, उचला आणि वापरा. पण सकाळ एका ठरावीक दिवसाची झाली की ऑन: ऑन मंडे मॉर्निंग. लास्ट, नेक्स्ट, धिस, एव्हरी आले की प्रिपोझिशन गळून पडतं. ऑन लास्ट संडे नाही, लास्ट संडे.

गाडं अडतं ते 'पासून' आणि 'पर्यंत' या दोन शब्दांपाशी.

'मी चार वर्षांपासून अंबडला काम करतो.' शंभरातले बहुतेक जण लिहितात, 'आय ॲम वर्किंग इन अंबड सिन्स फोर इयर्स.' पासून म्हणजे सिन्स, असं डोक्यात बसलेलं. पण आपला 'पासून' दोन कामं करतो. १९७५पासून, म्हणजे सुरुवातीचं टोक. चार वर्षांपासून, म्हणजे मोजलेली लांबी. टोकाला सिन्स, लांबीला फॉर. 'द पंचवटी एक्स्प्रेस हॅज बीन रनिंग सिन्स १९७५', 'आय हॅव बीन वर्किंग इन अंबड फॉर फोर इयर्स'. 'गेली चार वर्षं' असं म्हणता येत असेल तर फॉर, ही घरगुती चाचणी. 'गेली १९७५' असं काही होत नाही, तिथे सिन्स. क्रियापदातला 'हॅव बीन'ही विसरू नका, 'ॲम वर्किंग' इथे चालत नाही.

आता ती मोकळी सोडलेली जागा. संध्याकाळच्या वर्गातल्या एका मुलानं ग्राहकाला मेल लिहिली: 'वुई विल डिस्पॅच द मटेरियल टिल फ्रायडे.' त्याला म्हणायचं होतं, शुक्रवारपर्यंत माल निघेल. पलीकडून उलट प्रश्न आला, शुक्रवारनंतर तुम्ही माल पाठवणं बंद करणार का? मुलगा वर्गात येऊन म्हणाला, "मॅडम, पर्यंतला टिलच ना?" प्रश्न रास्त आहे. पर्यंतला टिलही आहे, बायही आहे. 'मी शुक्रवारपर्यंत गावाला आहे' यात राहणं सतत चालू आहे आणि शुक्रवारी संपतं: अंटिल फ्रायडे किंवा टिल फ्रायडे. 'मी शुक्रवारपर्यंत पैसे देतो' यात देणं एकदाच घडतं, शुक्रवार ही मुदत आहे: बाय फ्रायडे. पर्यंतच्या जागी 'च्या आत' घालून बघा. 'शुक्रवारच्या आत पैसे देतो' बसतं, म्हणून बाय. 'शुक्रवारच्या आत गावाला आहे' बसत नाही, म्हणून अंटिल. कारखान्याच्या, बँकेच्या, वकिलाच्या मेलमध्ये या एका शब्दावर तारखा हलतात, तेव्हा बाकी काही जमलं नाही तरी एवढं घोटून घ्या. पर्यंतचं तिसरं रूप उंचीचं किंवा अंतराचं, त्याला अप टू किंवा ॲज फार ॲज.

जिथे काहीच लागत नाही, आणि जिथे भलतंच लागतं

काही क्रियापदं प्रिपोझिशनला दारात उभं करत नाहीत. डिस्कस, एंटर, रीच, ऑर्डर, रिक्वेस्ट, मेन्शन, अटेंड, रिझेम्बल, मॅरी. 'वुई डिस्कस्ड अबाउट द प्लॅन' यातला अबाउट काढा. 'वुई रीच्ड टू सातपूर' यातला टू काढा. गंमत अशी की यातल्या काही शब्दांची नामं झाली की प्रिपोझिशन हजर: अ डिस्कशन अबाउट द प्लॅन, ॲन ऑर्डर फॉर टू प्लेट्स, अ रिक्वेस्ट फॉर लीव्ह. क्रियापद असताना 'रिक्वेस्ट फॉर' नाही. अर्जात 'आय रिक्वेस्ट फॉर लीव्ह' लिहिणारे हेडमास्तर मी पाहिले आहेत, सुट्टी तरीही मंजूर होते.

याच्या उलट लिसन, वेट, लुक यांना लागतं आणि आपण खातो. माझं ऐक, लिसन टू मी. त्याची वाट बघ, वेट फॉर हिम.

विशेषणांबरोबरची प्रिपोझिशनं मराठीवरून काढायला गेलात तर निम्मी चुकतील. माझ्यावर रागावला म्हणून 'अँग्री ऑन मी' होत नाही, अँग्री विथ मी. तिच्याशी लग्न म्हणून 'मॅरिड विथ हर' नाही, मॅरिड टू हर. इंग्रजीत हुशार, गुड ॲट इंग्लिश. देवावर विश्वास, बिलीव्ह इन गॉड. माझ्यापेक्षा सीनियर, सीनियर टू मी, इथे 'दॅन' चालत नाही. 'च्यावर अवलंबून' तेवढं डिपेंड्स ऑन शी सरळ जुळतं, त्याला आपलं नशीब म्हणायचं. यांना नियम नाही. शब्द शिकतानाच त्याच्या प्रिपोझिशनसकट शिकायचा, वहीत 'अफ्रेड' असं एकटं लिहायचंच नाही, 'अफ्रेड ऑफ डॉग्ज' लिहायचं.

आपला 'नं' प्रत्यय हाही बराच पसरलेला आहे. बसनं, बाय बस. स्वतःच्या गाडीनं, इन माय कार, कारण 'बाय'च्या वाहनापुढे माय, द, अ काही बसत नाही. सुरीनं कापलं, विथ अ नाइफ. घाईनं, इन अ हरी. तापानं गेला, डाइड ऑफ फिवर.

वाक्यात कुठे ठेवायची

'तो रोज सकाळी बसनं सातपूरला जातो.' क्रियापदापासून उलटं चालत या. जातो, गोज. सातपूरला, टू सातपूर. बसनं, बाय बस. रोज सकाळी, एव्हरी मॉर्निंग. 'ही गोज टू सातपूर बाय बस एव्हरी मॉर्निंग.' दर वेळी असं हुबेहूब उलटत नाही, पण सुरुवातीला हा हिशेब पुष्कळ ठिकाणी उपयोगी पडतो. काळाची फ्रेज जोर देण्यासाठी आधीही आणता येते, लांब असेल तर तिच्यामागे स्वल्पविराम द्या.

वाक्याचा शेवट प्रिपोझिशननं करू नये, असं अजूनही काही शिक्षक सांगतात. ही तक्रार जुनी आहे. जॉन ड्रायडन या इंग्रज कवीनं १६७२ मध्ये बेन जॉन्सनच्या एका ओळीवरून ती केली होती आणि पुढच्या व्याकरणकारांनी ती उचलून धरली. बोलणाऱ्यांनी कधी मानली नाही. 'व्हॉट आर यू लुकिंग ॲट?' हे चांगलं इंग्रजी आहे. 'ॲट व्हॉट आर यू लुकिंग?' असं मेनरोडवर कोणाला विचारलंत तर तो तुमच्याकडेच बघत राहील. सरकारी पत्रात 'टू व्हूम', 'इन विच' लिहा, एरवी सोडून द्या.

ऑफिसातल्या लोकांसाठी एक जादा गोष्ट. फ्रेज जमायला लागल्या की त्या ढीगभर ओतायचा मोह होतो. 'विथ रिगार्ड टू द सब्जेक्ट ऑफ द डिले इन द डिलिव्हरी ऑफ द पार्ट्स' यात कंस मोजा. 'अबाउट द लेट पार्ट्स' एवढ्यानं काम होतं. 'ॲट धिस पॉइंट इन टाइम' म्हणजे 'नाऊ'.

सराव

इंग्रजी पेपरातली एक छोटी बातमी रोज घ्या. सगळ्या फ्रेज कंसात टाका, प्रत्येकीवर 'चा' लिहा किंवा काही लिहू नका. मग कंस झाकून उरलेलं वाक्य वाचा, सांगाडा उघडा पडतो: कोणी काय केलं. नवी वाटलेली फ्रेज अख्खी वहीत उतरवा आणि तिच्याखाली स्वतःचं वाक्य लिहा, त्यात आपल्या गल्लीचं, आपल्या बॉसचं, आपल्या मामाचं नाव यायला हवं.

उलट्या बाजूनं करायला हा उतारा देते. त्यातला दुतोंड्या मारुती म्हणजे नाशिकला गोदावरीच्या पात्रात उभी असलेली मूर्ती. आधी स्वतः इंग्रजी करा, मग खाली बघा.

'पावसाळ्यात गंगापूर धरणातून पाणी सोडलं की काठावरचे लोक दुतोंड्या मारुतीकडे बघत राहतात. पाणी त्याच्या छातीपर्यंत आलं की दुकानदार माल वरच्या मजल्यावर हलवतात.'

'इन द मॉन्सून, व्हेन वॉटर इज रिलीज्ड फ्रॉम द गंगापूर डॅम, पीपल ऑन द बँक कीप लुकिंग ॲट दुतोंड्या मारुती. व्हेन द वॉटर कम्स अप टू हिज चेस्ट, द शॉपकीपर्स मूव्ह देअर गुड्स टू द अपर फ्लोअर.'

'काठावरचे' मध्ये 'चे' आहे, म्हणून 'ऑन द बँक' पीपलला खेटून आलं. 'मारुतीकडे'ला टू नाही, लुक ॲट. छातीपर्यंत हे उंचीचं पर्यंत, म्हणून अप टू. आणि शेवटच्या जागी तुम्ही 'ऑन द अपर फ्लोअर' लिहिलं असेल, वर्गात बहुतेक जण लिहितात, कारण मराठीत 'मजल्यावर' आहे. पण माल खालून वर जातो आहे, म्हणून टू. 'ऑन' लिहिलंत तर वाचणाऱ्याला वाटू शकतं की माल आधीपासून वरच होता आणि दुकानदार तो तिथल्या तिथेच इकडून तिकडे सरकवत बसले.